निळीची दोरी

३ जून
इस्लामपूर

तारिकभाई,

सलाम. पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वाचायचं आहे, तेवढं कर. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस म्हणून हा टपालाचा खटाटोप. दर शुक्रवारी तू अम्मीशी बोलतोस तेव्हा मी शेजारच्या खोलीत उगाच कपड्यांच्या घड्या घालत असते. तुला सर्दी झाली की मला कळतं. बाकी काही कळत नाही.

आपण भांडलो दखनीत आणि मी लिहितेय मराठीत, याचं तुला हसू येईल. अब्बांचंच म्हणणं होतं, भांडायचं ते तोंडानं, लिहायचं तर पाटीवर लिहितो त्या भाषेत.

अब्बा गेल्यावर ‘जाफर आर्ट्स’ची पाटी मी उतरवली, ती, त्यांची शिडी आणि रंगाचे डबे भंगारात घातले आणि त्या जागी बॅनर छापायचं मशीन आणलं. ‘तू अब्बांना दोनदा पुरलंस’ असं म्हणून तू बहारीनला गेलास, जहाजांच्या पोटावर पाण्याच्या खुणा रंगवायला. पाच वर्षं झाली. त्यावर मी आज बोलणार नाही. एवढंच कळवते की त्या मशीनवर मी पुढाऱ्यांचे वाढदिवस छापत बसले नाही. मशीन केव्हाच विकलं. आता कॉम्प्युटरवर बसून डोक्याचं काम करते.

उंब्रजच्या दादासोंच्या काकवीचं नाव, खूण, बाटलीवरचं लेबल, सगळं मी केलं. दादासोंना लेबलवर बैल हवा होता, आई हवी होती, ग्रामदैवत हवं होतं आणि शिवाय स्वतःचा फोटो. मी फक्त गुऱ्हाळाच्या काहिलीतला एक बुडबुडा काढला, फुटायच्या बेतात आलेला. बराच वेळ बघून म्हणाले, “झ्याक हाय ओ ताई, पर यात मी कुठं हाय?” आता तो बुडबुडा आपणच सुचवला असं ते पाहुण्यांना सांगतात. शिराळ्यासाठी विषारी सापांची पोस्टर केली. घरात साप निघाला तर मारू नका, हात लावू नका, कुणाला बोलवायचं ते सांगणारी. खवला न् खवला बरोबर आहे. तिथली नर्स म्हणाली, तुमचा नाग मी जाईन तिकडं बघतो. मी ते कौतुक समजून घरी आले.

आणि वाघमळी. कृष्णेकडं उतरणाऱ्या रस्त्यावरची ती शाळा आठवते ना? एकोणीसचा पूर ओसरल्यावर तू आणि अब्बांनी तिच्या भिंतीवर पुराची निळी रेघ मारली होती. त्या गावात वीरधवलदादांनी सोळा घरांची वसाहत बांधली आहे. तिचं ‘शांतकाठ’ हे नाव माझं, रंग माझे, माहितीपुस्तिका माझी, कमानसुद्धा माझी. शाळेच्या भिंतीवर चित्रं काढायला रंगही त्यांनीच दिला. मी नदीकाठी खेळणारी मुलं काढली, खऱ्या मुलांच्या उंचीची. अब्बांची रेघ आता तिथं नाही. भिंती काय, त्यांना चुना लागतच असतो.

लिहायचं कारण वेगळंच आहे. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती सांगलीला छापायला दिली, तर छापखान्यातल्या जोतीरामचा फोन आला, “ताई, निळ्या प्लेटवर एक बारीक आडवी रेघ येतीया. फायलीतच हाय का बघा जरा.” फायलीत काही नाही. त्यानं प्लेट बदलली, परत आली. तिसऱ्यांदा बदलली, परत आली. सगळ्या पानांवर नाही, फक्त घरांच्या फोटोवर. दाराच्या चौकटीच्या माथ्याच्या वीतभर खालून जाते, सोळाही दारांवरून, एका सरळीत. तुला छपाई कळत नाही, पण रेघा कळतात. असलं काही ऐकलं आहेस का कधी?

उत्तर दिलंस तर माझ्या नावानं दे. अम्मीच्या नावानं देऊ नको.

फिरदोस


२२ जून

तारिकभाई,

तू आला होतास का? सरळ विचारते. आला असशील आणि मला तोंड दाखवायचं नसेल तर नको दाखवूस, पण हो म्हण.

वाघमळीच्या शाळेत लीलाबाई म्हणून आहेत, मुलांची खिचडी शिजवतात. घर शाळेच्या समोरच. त्यांचा फोन आला, “आवं ताई, तुमच्या चित्रातल्या पोरांच्या गळ्याला कायतरी झालंय. येऊन बघा.” मी स्कूटीवर गेले. माझ्या सगळ्या मुलांच्या गळ्यातून आरपार एक निळी रेघ गेली होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ब्रशची रेघ नव्हे. दोरीची. मी पेंटरची मुलगी आहे, मला दोरी ओळखता येते. मध्ये दाट, कडेला भुकटी उडालेली, आणि दोरीचा पीळ भिंतीवर उमटलेला. अब्बा सुताची दोरी निळीत भिजवायचे. एक टोक त्यांच्याकडं, दुसरं तुझ्या चिमटीत. तू तयार झालास की दोरीला दोन झटके द्यायचास, मग अब्बा मधोमध दोरी ओढून सोडायचे. फट्! तुझी ती दोन बोटं कायम निळी असायची आणि शाईचा खेळ करतो म्हणून तू वर्गात मार खायचास. दोघांशिवाय ती रेघ होत नाही. एकट्या माणसाला ते जमतच नाही.

मी लीलाबाईंना विचारलं, कोण आलं होतं? त्या म्हणाल्या, “कोन बी न्हाई. रविवार हुता, शाळा बंद. दिसाचं अकरा वाजल्यालं. मी दारात बसून तांदूळ निवडत हुते, भिंत डोळ्याम्होरंच. मान खाली घातली आन् फट्कन आवाज झाला. वर बघितलं तर रेघ. तुमचं वडील मारायचं तवा आसाच आवाज यायचा बगा.”

“तुम्ही उठून बघितलं नाही?”

“बघितलं की. भिंतीपाशी गेले. नीळ वली हुती आजून.”

मी ओल्या फडक्यानं पुसली. वर रंग दिला, गळे नीट केले. बुधवारी शाळा भरलेली असताना, मुलं जेवायला बसलेली असताना, पुन्हा फट् झालं. साठ मुलांनी ऐकलं. मास्तर म्हणाले, वाऱ्यानं दार आपटलं असेल. असं म्हणताना ते भिंतीकडं बघत नव्हते.

परवाच्या शुक्रवारी मी घड्या घालायचं सोडून दाराशी येऊन उभी राहिले. अम्मीच्या फोनमधून तुझ्यामागं जहाजाचा भोंगा वाजताना ऐकला. म्हणजे तू तिथंच आहेस. मग हे दुसरं टोक कुणी धरलं, भाई?

मला भीती वाटते. तुझ्यापाशी एवढं कबूल करायला लाज नाही.

फिरदोस


३० जून

तारिकभाई,

दोन पत्रांना उत्तर नाही. हरकत नाही, मलाही खरं बोलायला तिसरं पत्र लागलं.

रेघ आता कमानीवर आली. वसाहतीची कमान याच उन्हाळ्यात उभी राहिली. तिच्या दगडी फरशीला अब्बांचा हात लागणं शक्य नाही. दोन्ही खांबांवर, सारख्या उंचीवर, तीच निळी रेघ, तोच पीळ. माझं डोकं जरा उंचावलं तर लागेल इतकी वर.

मी म्हटलं, बघूच. गवंड्याकडून पारदर्शक नळी आणली. अब्बा दाखवायचे तशी पाण्यानं भरली, दोन्ही टोकं हातात धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत राहतं. शाळेच्या भिंतीवरच्या रेघेला एक टोक लावून लीलाबाईंना धरायला दिलं. मग बाभळीवर खूण, तिथून विजेच्या खांबावर, तिथून पुढच्या खांबावर, असं टप्प्याटप्प्यानं उताराला उतरत कमानीपर्यंत आणलं. सकाळ गेली. शेवटी खांबापाशी नळी धरली. पाणी हललं, डुचमळलं आणि रेघेवर येऊन थांबलं. एका केसाचा फरक नव्हता.

लीलाबाई म्हणाल्या, “म्हंजे शाळेत पोराच्या गळ्याएवढं पानी, तर हितं आपल्या डोसक्यावरनं. व्हय ना?”

व्हय.

आता ऐक. शाळेची भिंत पांढरी झाली ती आपोआप नाही. मी केली. वीरधवलदादा म्हणाले होते, “ताई, रेघ बघितली की मानूस भितोय. एवढा मोठा पूर काय दरसाल येतोय का? जरा प्रसन्न कायतरी काढा.” मी विरोध केला नाही. चित्र काढायला मोठी भिंत मिळत होती, त्याच्या बातमीत माझं नाव येणार होतं. अब्बांच्या रेघेवर चुन्याचा पहिला हात मी स्वतः मारला. एका हातानं निळं झाकलं गेलं नाही, म्हणून दुसरा मारला.

आणि नकाशा. मागच्या वर्षीच्या पहिल्या पुस्तिकेत मी वाघमळीचा एक चित्रमय नकाशा काढला. झाडं, बगळे, बैलगाडी, देऊळ. बघणारा खूश होतो. त्यात मी नदी बारीक केली आणि सोळा घरं उचलून शाळेच्या वरच्या अंगाला ठेवली. खरी घरं खाली आहेत, पुराचा गाळ बसतो त्या मळीच्या रानात. खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘चित्र मोजमापानुसार नाही’ असं लिहिलं आणि हात झटकले. लोकांनी तो नकाशा बघून घरं घेतली आहेत. पाच घरांत माणसं राहायलाही आली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला अब्बांनीच शिकवलं असेल. रेघेचं सांगायला दादांकडं गेले तर ते हसले. “पोरांचा चावटपणा आसंल ताई. पुसून घ्या.” मी पुसायला गेले नाही. पण ‘नकाशा खोटा आहे’ असंही म्हणाले नाही. घरी आले आणि तुला लिहायला बसले.

फिरदोस


९ जुलै

भाई,

तू काय करून बसलास! आणि मी काय करून बसले!

सोमवारी दुपारी घरी आले तर अम्मी ट्रंक भरत होती. गालात हसत होती, ईदला हसते तशी. म्हणाली, “तारिकनं घर घेतलंय माझ्यासाठी. तुला इतक्यात सांगू नको म्हणाला होता.” आणि ट्रंकेतल्या साड्यांच्या घडीतून तिनं माझीच पुस्तिका काढून माझ्यापुढं धरली. शांतकाठ, वाघमळी. घर नंबर अकरा.

मी विचारलं, त्यानं न बघताच घेतलं? ती म्हणाली, “बघायचं काय? त्याला गाव माहीत, शाळा माहीत. घरं शाळेच्या वर आहेत ना, मग पाण्याचं भय नाही म्हणाला. मी म्हटलं, नकाशावर काय विश्वास ठेवायचा? तर म्हणाला, नकाशा फिरदोसनं काढलाय. तिच्याशी मी बोलत नाही, पण तिचा हात खोटं काढत नाही.”

तू असं म्हणालास? पाच वर्षं तोंड फिरवून बसलास आणि तिकडं माझ्या हाताची अशी ग्वाही देत होतास? चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी अम्मीला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण ती म्हणाली, “इथं तुझ्या घरी मी पाहुणी होते. आता स्वतःच्या दारात बसेन.” मग मी तोंड मिटलं आणि ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. टेम्पोत मीच ठेवली ती ट्रंक. अकरा नंबरच्या दारातून आत मीच नेली. चौकटीच्या माथ्याच्या वीतभर खाली बघत होते सारखी. भिंत अगदी कोरी होती, फिकट पिवळी. तो रंगही मीच निवडलेला.

आता तूच तिला सांग. शुक्रवारी फोन करशील तेव्हा सांग की फिरदोसनं नकाशा खोटा काढला, तू परत जा. माझ्याच्यानं होत नाही. तुझ्या घरातून ती माझ्या सांगण्यानं निघणार नाही, तुझ्या सांगण्यानं निघेल. वर धरणाच्या बाजूला पाऊस लागून राहिला आहे. हे पत्र तुला पोचायला दहा-बारा दिवस लागतील. पत्र उघड, भाई. माझ्यावरचा राग पत्रावर काढू नको.

तुझी फिरदोस


२६ जुलै, संध्याकाळ

तारिकभाई,

हे आजच लिहून ठेवते. उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

गेल्या शुक्रवारी तू फोन केलास, पण घराविषयी काही बोलला नाहीस. म्हणजे पत्र पोचलं नव्हतं किंवा तू फोडलं नव्हतंस. काल धरणाचं पाणी सोडलं. आज सकाळी गावात दवंडी झाली, नदीकाठच्यांनी हलावं. मी अकरा वाजता वाघमळीत पोचले. खालचा ओढा उलटा वाहायला लागला होता. वसाहतीतली पाच कुटुंबं मात्र निवांत. एक जण म्हणाला, “आवं, शाळंत पानी आल्याबिगर आमच्याकडं कसं येईल? आमी शाळंच्या वर हाय.” माझी पुस्तिका त्याच्या भिंतीवर चिकटवलेली होती.

अम्मी चहा ठेवत होती. मी म्हटलं चल. ती म्हणाली, “तारिकचं घर सोडून मी येत नाही. तो सांगेल तेव्हा येईन.” तिच्या फोनवरून तुला फोन लावला, लागला नाही. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. शाळेच्या भिंतीवरचे चुन्याचे दोन हात, नदी बारीक केली ते, घरं उचलून वर ठेवली ते. ती उठली. गॅस बंद केला, ट्रंक उघडली आणि तळातून कापडात गुंडाळलेली फिरकी काढली. अब्बांची दोरी. “भंगारवाल्याच्या हातातून मी काढून घेतली होती,” म्हणाली. “दाखव मला कुठवर.”

कमानीवरच्या रेघेपासून मी नळीनं पातळी आत आणली. बादलीत नीळ कालवली, दोरी भिजवली. एक टोक मी धरलं, दुसरं अम्मीला दिलं आणि म्हटलं, भिंतीवर त्या खुणेला लाव. भाई, तिचा हात पुरेना. तिनं चपला काढल्या, टाचा उचलल्या, हात डोक्याच्या वर ताणला, तेव्हा कुठं तिची चिमूट खुणेला लागली. माझी आई डोक्यावर हात ताणून उभी आणि तिच्या हाताखाली पूर्ण बुडलेली ती. ते मला दिसलं. मी काय पुसलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

दोरी मारली. फट्! अम्मीच्या चेहऱ्यावर निळे ठिपके उडाले. तिनं मान वर करून रेघेकडं बघितलं आणि विचारलं, “एवढं?” मी म्हटलं, एवढं. मग तिनं निळ्या हातानं माझ्या गालावर एक ठेवून दिली. लहानपणी खाल्ली होती त्यानंतर ही पहिलीच. खाल्ली मी ती. ओढणी डोक्यावर घेऊन ती शेजारच्या दारात गेली आणि म्हणाली, “आवं, चला. माझ्या लेकीनं नकाशा चुकवलाय. भिंतीवर येऊन बघा.” ते आले आणि रेघेखाली उभे राहिले. अर्ध्या तासात टेम्पो भरायला लागले. लीलाबाई अम्मीला घेऊन पुढं गेल्या.

मी थांबले. उरलेल्या पंधरा घरांनाही रेघ हवी होती. कुलपं होती तिथं बाहेरच्या भिंतीला. उद्या पाणी ओसरल्यावर कुणी चुना फासायच्या आधी सगळ्या गावानं ती बघायला हवी होती. पण धरायला दुसरं माणूस नव्हतं. खिळा ठोकून बघितला, ओल्या प्लास्टरमधून निसटून पडला. दोन वेळा, तीन वेळा. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं चिखलात. पावसात रडत उभी होते मी, खोटं कशाला सांगू.

मग दोरी हलली.

चिखलातलं टोक उचललं गेलं. कुणी दिसलं नाही. दोरी भिंतीच्या त्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि ताठ झाली. आणि मला दोन झटके बसले. एक. दोन.

मी दोरी मधोमध ओढली आणि सोडली. पुढच्या घराकडं गेले, दोरी बरोबर आली. तिथंही दोन झटके. पंधरा घरं, भाई. दर वेळी दोन. शेवटच्या घरापाशी पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं. मी ओरडून विचारलं, कोण आहे? त्या टोकानं हळूच दोरी सोडली, काम संपल्यावर सोडतात तशी.

अम्मी माझ्या घरी आहे. अजून बोलत नाही. जेवली मात्र.

फिरदोस


२१ ऑगस्ट

तारिकभाई,

काल तुझा फोन आला. पाच वर्षांनी माझं नाव घेतलंस आणि पुढचंच वाक्य, “फिरदोस, माझ्या चिमटीला हे निळं काय लागतंय?” मी गप्प बसले म्हणून तुला वाटलं लाईन तुटली. तुटली नव्हती. मला बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिते.

तू सांगितलंस ते मी पुन्हा मांडून बघते, म्हणजे माझं मला पटेल. जूनच्या सुरुवातीपासून तुझी उजव्या हाताची दोन बोटं मधूनच निळी होतात. गोदीत पांढरा, लाल आणि काळा सोडून रंग नाही. साबणानं जात नाही, थिनरनं जात नाही, आपोआप जातं आणि पुन्हा येतं. डॉक्टरला दाखवलंस, तो म्हणाला रक्ताभिसरण. सव्वीस जुलैला भर दुपारी तू परांचीवर चढून जहाजावर खूण रंगवत होतास आणि तुझा हात कुणीतरी ओढल्यासारखा सरळ झाला. तू मोजलंस. पंधरा वेळा. प्रत्येक वेळी, का ते कळेना, पण तू दोन झटके दिलेस. सवयच ती, म्हणालास. दोन दिवसांनी माझी आधीची चारही पत्रं मेसमध्ये एकदम मिळाली, आणि त्यानंतर तीन आठवडे मला फोन लावायचं तुला धाडस झालं नाही.

मला निदान पत्रं टाकायचं तरी धाडस झालं, मोठ्या भावापेक्षा मी बरी.

पाणी आलं, भाई. अकरा नंबरच्या भिंतीवर रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. त्या घरात त्या वेळी कुणीच नव्हतं, कुठल्याच घरात नव्हतं. तुझं घर आता चिखलानं भरलं आहे. त्याचा जबाब मी तुला आयुष्यभर देईन. वीरधवलदादा एकदा येऊन सोळाही रेघा बघून गेले. म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. पुसायचं माझं बी धाडस न्हाई.” पुस्तिका मी फाडल्या. खरा नकाशा काढला, नदी जेवढी आहे तेवढी रुंद. तो शाळेच्या भिंतीवर रंगवला आहे, मुलांच्या शेजारी. मुलांच्या गळ्यातली रेघ तशीच ठेवली. लीलाबाई मुलांना तिथं उभं करून कुणाचं पाणी कुठवर ते दाखवतात.

आता तू विचारलंस त्याचं. सव्वीस जुलैला इकडच्या टोकाला मी होते आणि तिकडच्या टोकाला तू. ते मान्य, काहीही असो, मान्य. पण त्याआधी छापखान्यात, शाळेत आणि कमानीवर रेघ आली तेव्हाही तुझीच बोटं निळी झाली होती. तिकडचं टोक तुझ्याकडं होतं. मग इकडचं कुणाकडं होतं, असं तू विचारलंस. मला उत्तर माहीत आहे आणि तुलाही. अम्मीला विचारलं तर म्हणाली, “दोरी मारणारा एकच होता आपल्या घरात. तू पुसत राहिलीस, म्हणून त्याला परत परत यावं लागलं.” एवढंच बोलली आणि भाजी निवडायला लागली.

तुला डिसेंबरात सुट्टी आहे म्हणालास. ये. ‘जाफर आर्ट्स’ची पाटी भंगारवाल्यानं विकलेली नव्हती, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून घातली होती. धुऊन घरी आणली आहे. अक्षरं उडाली आहेत, ती आपल्याला पुन्हा काढावी लागतील आणि आधी दोरी मारावी लागेल. एका टोकाला तू, एका टोकाला मी.

शिडी मात्र मी मोठी आणली आहे. अब्बांना लागायची तेवढीच.

तुझी बहीण,
फिरदोस